ऑथेल्लो फसला, की फसायला तयारच होता?

धागाकर्ती:
देवलांच्या 'झुंझारराव'चं (१८९०) मूळ, शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' हे नाटक, परवा पुन्हा वाचलं. व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो हाताखालच्या इयागोच्या बोलण्यावरून बायकोवर संशय घेतो. सगळं खापर इयागोच्या माथी फोडणं मला आता पटेनासं झालंय. रुमालाचाच प्रसंग बघा. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय म्हणून त्याची बायको डेस्डेमोना रुमाल बांधायला जाते. तो 'फार लहान आहे' म्हणून बाजूला सारतो, रुमाल खाली पडतो, आणि 'राहू दे' असंही तोच म्हणतो. पुढे त्याच रुमालावरून बायकोचा जीव घेतो! डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संशय घेणार नाही असं बजावणारा हा माणूस त्याच प्रवेशाच्या शेवटी गुडघे टेकून सुडाची शपथ घेतो. आग आत होतीच, इयागोने काडी लावली.

जुना प्रेक्षक:
नाही पटलं. इयागो सुरुवातीला आरोप करतच नाही हो. ऑथेल्लोचा नायब कॅशिओ (ज्याच्याशी डेस्डेमोनाचं जुळलंय असा संशय इयागो पेरतो) डेस्डेमोनापासून निघून जाताना दिसतो, तेव्हा 'हे मला बरं वाटत नाही' एवढंच पुटपुटतो. 'तो प्रामाणिक नाही का?' असं ऑथेल्लोने विचारलं की हा म्हणतो, 'प्रामाणिक?' त्याचाच शब्द त्याच्या पदरात परत. बाकीचं ऐकणारा स्वतःच रचतो.
आणि फसला तो एकटाच का? हुद्दा गेल्यावर कॅशिओ सल्ला घेतो तो इयागोचा. नवरा बिथरल्यावर डेस्डेमोना मदत मागते ती इयागोकडे. डेस्डेमोनामागे लागलेल्या रॉडरिगोने तिच्यासाठी इयागोच्या हाती दिलेले दागिने तर गेलेच. ज्याच्या त्याच्या तोंडी 'प्रामाणिक इयागो'! लढायांत बरोबर राहिलेल्या माणसाचा शब्द सैनिकाला खरा वाटला, यात नवल काय?

धागाकर्ती:
मग कॅशिओला एकदा तरी समोर उभं करून विचारायचं होतं. एमिलियाला, म्हणजे इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सखी, विचारलं, तर ती आत्मा पणाला लावून सांगते की बाई निर्दोष आहेत. ती गेल्यावर हा तिलाच कुंटीण ठरवतो. निकाल आधी लागलेला, साक्ष नंतर.

पिटातला:
तुम्ही दोघंही व्हेनिसला विसरताय. डेस्डेमोनाचा बाप ब्राबान्शिओ ऑथेल्लोला घरी बोलावून लढायांच्या हकिगती ऐकायचा. मुलीने त्याच्याशी लग्न केलं म्हटल्यावर तोच बाप 'जादूटोणा केला' म्हणत दाद मागायला उभा राहतो, आणि जाता जाता सांगतो: बापाला फसवलं तिने, तुलाही फसवेल. तिसऱ्या अंकात इयागो हेच बाहेर काढतो. मग ऑथेल्लो स्वतःशी मोजू लागतो: मी काळा, मला दरबारी गोड बोलणं येत नाही, वय उतरणीला लागलंय. ती जखम इयागोच्या आधीची आहे.

जुना प्रेक्षक:
जखम आधीची, मान्य. पण कुठे दुखतंय ते ओळखून नेमकं तिथेच बोट घालणारा जास्त दोषी, असं मी अजूनही म्हणेन.

विंगेतून:
एमिलियाचं नाव नुसतं साक्षीपुरतं आलं म्हणून लिहितेय. रुमाल तिनेच उचलून नवऱ्याला दिला. डेस्डेमोना कासावीस होऊन शोधत होती तेव्हा 'मला माहीत नाही' म्हणाली. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं घडलं नसतं, म्हणून तिचा मला रागही येतो. पण शेवटी बोलते तीच. इयागो 'घरी जा' म्हणतो. ती सगळ्यांसमोर सांगते: नवऱ्याचं ऐकायला हवं, पण आत्ता नाही, कदाचित मी घरी कधीच जाणार नाही. रुमालाचं खरं सांगून टाकते आणि नवऱ्याच्याच वाराने कोसळते. मालकिणीशेजारी मला ठेवा, एवढंच मागते.