अक्षरं तीच, शब्द वेगळे
इंग्रजी स्पेलिंग शिकवताना 'लिसन-सायलेंट' सारख्या, अक्षरं तीच पण क्रम वेगळा अशा जोड्या मुलांकडून सरळ पाठच करून घ्या, असं सुचवलं जातं. ते काही पटत नाही. त्यापेक्षा शब्दाची अक्षरं एबीसीच्या क्रमाने लावायला सांगा. दोन्हींची ओळ ई-आय-एल-एन-एस-टी अशीच येते. मग एनलिस्ट, टिन्सेल मुलं आपणहून त्याच ओळीखाली लिहितात. आपल्या सोलापुरात एका बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड घरची पोरं, उच्चार तीन तऱ्हेचे, म्हणून कानावर विसंबून चालतच नाही. एखादं अक्षर दोनदा आलं असेल तर ओळीतही दोनदा लिहायचं: वाळवंटाच्या डेझर्टमध्ये एस एक, जेवणानंतरच्या डिझर्टमध्ये दोन. हमखास इथेच चुकतात.

क्वाएट-क्वाइटमधला फरक ओळखायला मात्र ही युक्ती पुरत नाही, दोन्हींची ओळ एकच येते. तिथे ई कुठे आहे ते बघायचं: टीच्या आधी असेल तर 'शांत', शेवटी असेल तर 'बऱ्यापैकी'.