बाबांच्या कॅसिओला राउटरचा अडॅप्टर चालेल का?

प्रश्न – भूपाळी
बाबांचा जुना कॅसिओ कीबोर्ड माळ्यावरून काढलाय. सुट्टीत लेकीला शिकवायचंय. सहा मोठे सेल घातले तर छान वाजतो. अडॅप्टर मात्र घर बदलताना हरवला. मागे 'डीसी ९ व्होल्ट' लिहिलंय, शेजारी गोलांचं चिन्ह. घरात राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा पडून आहे आणि त्याची पिन अगदी बरोबर बसते. अजून लावला नाही, धीर होत नाही. बाबा रोज संध्याकाळी याच्यावर भूप वाजवायचे. तीन व्होल्टांनी एवढा फरक पडतो का?

उत्तर – मीटरवाला
पडतो ताई. लावला नाहीत हे फार बरं केलंत. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही. सहा सेल गुणिले दीड, नऊच होतात, तेवढंच द्या. अँपिअर जास्त असले तर चालतं, कीबोर्ड लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी असले तर अडॅप्टर तापतो.

पण मला खरी काळजी त्या चिन्हाची आहे. मधला ठिपका प्लसला जोडलाय की मायनसला? जुन्या बऱ्याच कॅसिओंना पिनच्या आत मायनस लागतो, राउटरच्या अडॅप्टरला बहुधा आत प्लस असतो. ९ व्होल्टचा आणूनही हे उलटं झालं तर आतलं सर्किट जाऊ शकतं.

भूपाळी
ठिपका मायनसला जोडलाय! अँपिअर कुठेच नाहीत, बुडाला फक्त ७.७ वॅट लिहिलंय.

मीटरवाला
७.७ वॅट भागिले ९ व्होल्ट, म्हणजे साधारण ८५० मिलिअँपिअर. १ अँपिअरचा घ्या.

उत्तर – सहातारी
गिटारच्या पेडलचे अडॅप्टर बहुतेक ९ व्होल्ट, आत मायनसच असतात. वाद्यांच्या दुकानात विचारा, पण करंट वाचून घ्या. काही जेमतेम २०० मिलिअँपिअरचे असतात. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला नको. त्यावर ९ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना, म्हणजे काही जोडलेलं नसताना, १२-१३ व्होल्ट दाखवणारे मी मोजलेत.

भूपाळी
आज तपकीर गल्लीतून आणला. दुकानदारांना तिथेच मोजायला लावलं. मीटरची लाल तार पिनच्या आत, काळी बाहेर. मीटरवर उणे ९.१ आलं, म्हणजे आत मायनसच, तेव्हाच पैसे दिले. लेकीला सा रे ग सापडलेत, पंचमावर बोट अडतंय. दोघांचेही मनापासून आभार.

मीटरवाला
वा! आता आतले सेल काढून ठेवा ताई. विसरले की गळतात आणि पत्र्या खातात.