माळकरी बाबांना घेऊन फिनलंडला जातोय, तिथलं कोणतं गोडधोड त्यांना चालेल?

उमरीचे मास्तर

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. धाकटा भाऊ फिनलंडमध्ये ताम्पेरेला नोकरी करतो. मे महिन्यात सुट्टी लागली की आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे जायचं ठरलंय. मृग लागायच्या आत परतायचंय, कारण बाबा पेरणी दुसऱ्याच्या भरवशावर सोडत नाहीत.

प्रश्न खाण्याचा आहे. जेवणाचं काही नाही, वरण-भात-भाजी भावाच्या घरी होईल. पण बाबा चवीचे. वारीला गेले तरी कुठल्या गावचा पेढा चांगला, कुठल्या फाट्यावरचा चिवडा ताजा, हे त्यांना पाठ. इतक्या दूर जाऊन तिथल्या लोकांचं काहीच न चाखता परत येणं त्यांना रुचणार नाही. आणि ते माळकरी. मांस, मासे, अंडं, दारू काहीच नाही. आईला अंडं चालतं, पण तिला बीपीची गोळी चालू आहे. नेटवर फिनलंडच्या खाऊच्या याद्या भरपूर आहेत, पण अंडं कशात आहे आणि कशात नाही हे कोणी लिहीत नाही.

शिवाय शाळेतल्या पोरांसाठी तिथला काहीतरी खाऊ आणायचाय. तिथे राहिलेल्यांनी नीट सांगितलं तर उपकार होतील.

हिवरखेडची लेक

सर, मी ताम्पेरेजवळच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, माहेर मोर्शीकडचं. माझे वडीलही माळकरी, त्यामुळे तुमची काळजी मला कळते. बाबांना चालेल असं इथे पुष्कळ आहे, आणि इथलं जे अस्सल जुनं आहे त्यातलंच आहे.

सुरुवात कार्यालानपीराक्कापासून करा. राई नावाच्या इथल्या धान्याच्या (आपली मोहरी नव्हे) काळपट पिठाची पातळ पारी आणि आत दुधात आटवलेला घट्ट भात. हा पदार्थ पूर्वेकडच्या कारेलिया भागातला. दुसऱ्या महायुद्धात त्या भागाचा मोठा हिस्सा सोव्हिएत संघाकडे गेला आणि ४ लाखांहून जास्त माणसं घरदार, शेती सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. त्यांच्या हातचं हे खाणं मग देशभर पसरलं. आमच्या शेजारच्या आजींचं माहेर त्यातलंच. त्या मला सोबत घेऊन करतात. पारी इतकी पातळ लाटतात की ओट्याचा रंग खालून दिसावा. मधोमध भात पसरायचा, दोन्ही कडा आत घ्यायच्या आणि बोटांनी चुण्या घालत जायचं, करंजीला मुरड घालतो तशा, फक्त वरचं तोंड उघडं ठेवायचं. भट्टी अगदी कडक लागते, पावणेतीनशे डिग्रीच्या वर. बाहेर काढल्या काढल्या वितळलेलं लोणी फासून कापडाखाली झाकून ठेवतात, म्हणजे कडा मऊ पडतात. ही वाफ नाकात गेली की मला आजही भूक लागते.

पारीत अंडं नसतं. भातात कुणी कुणी घालतात, म्हणून विचारून घ्या. वर जे पिवळं लावून देतात ते उकडलेलं अंडं लोण्यात कालवलेलं असतं, त्याला मुनावोई म्हणतात. बाबांना ते नको, नुसतं लोणी मागा.

दुसरं, विस्पीपूरो. आमच्या शाळेत हे असलं की पोरं ताट चाटून पुसून ठेवतात. (इथे १९४८ पासून प्रत्येक शाळकरी मुलाला दुपारचं जेवण फुकट मिळतं. सर, तुम्ही तर पोषण आहार रोज पाहता, एखादी शाळा बघायला मिळाली तर जरूर बघा.) जंगलातली पुओलुक्का नावाची आंबट लाल फळं पाण्यात उकळायची, त्यात रवा आणि साखर शिजवायची, पूर्ण गार करायचं आणि मग फेटत बसायचं. सुरुवातीला रंग गडद लाल असतो. फेटता फेटता हवा भरते, भांडं वरपर्यंत येतं आणि रंग फिकट गुलाबी होतो. वर थंड दूध ओतून खायचं. अंडं नाही, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात ते) नाही. दुकानात तयार डबीही मिळते, पण भावाच्या घरी करा, सोपं आहे.

तिसरी राईची आंबवलेली भाकर, रूइसलेइपा. ही गोड नाही, पण ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला हिची चव लगेच कळेल. लोणी आणि काकडीचे काप ठेवून द्या. इथले लोक परदेशी गेले की याच भाकरीसाठी झुरतात.

आता आईंसाठी. कोर्वापूस्ती म्हणजे दालचिनी-साखरेचा गुंडाळलेला पाव, आणि पिठात जाडसर कुटलेली वेलची. युरोपात इतकी वेलची पाहून त्यांना आश्चर्य वाटेल. पीठ मळताना बहुतेक अंडं घालतात आणि वरूनही लावतात, म्हणून बाबांसाठी नाही. ताम्पेरेत प्यूनिक्की टेकडीवर १९२९ चा दगडी मनोरा आहे. त्याच्या खालच्या कॅफेत तळून साखरेत घोळवलेले मुंक्की, म्हणजे डोनट, मिळतात, रविवारी तिथे रांग असते. आईंना घेऊन जा. ताजे असतानाच खायचे.

१ मेच्या आधी पोचलात तर वाप्पूचा सण सापडेल. त्या दिवशी सीमा नावाचं लिंबाचं पेय पितात. बाटलीत तळाशी मनुके टाकतात, ते वर तरंगायला लागले की पेय तयार झालं असं समजतात. पण ते यीस्टने आंबवलेलं असतं, किंचित का होईना अल्कोहोल येतं. बाबांना देऊ नका.

एक गोष्ट ताम्पेरेत आवर्जून सांभाळा. बाजारात काळ्या रंगाचं गरम मुस्तामाक्कारा मिळतं, सोबत लाल फळांचा मुरंबा असतो. ते रक्त घालून केलेलं सॉसेज आहे. त्या गावची ओळख आहे, त्यामुळे कोणी प्रेमाने पुढे करेल. बाबांना आधीच सांगून ठेवा.

आणि पाकीट वाचायची सवय भावाला लावा. अंडं म्हणजे कानानमुना. युरोपच्या नियमाने अंडं, दूध वगैरे ॲलर्जीचे जिन्नस ठळक छापावे लागतात, त्यामुळे ते पटकन दिसतं. जिलेटिन म्हणजे लीवाते. हे ठळक छापायची सक्ती नाही, बारीक अक्षरांत शोधावं लागतं. मऊ, चघळायच्या रंगीत गोळ्यांत ते बऱ्याचदा असतं आणि ते डुकराचं किंवा गाईबैलाचं.

वर्धेचा पोट्टा

मास्तर, सालमियाक्कीचं कोणी लिहिलं नाई म्हणून लिहितो. मी ओउलूले शिकाले होतो. दुकानात काया रंगाच्या गोया दिसतीन. त्याच्यात मेन दोन गोष्टी असतेत, जेष्ठमध अन् नवसागर. हो, तोच नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून पांढरी भुकटी टाकते अन् भपकन धूर निंघते, तो. जिभेवर ठेवली का पयले खारट लागते, मंग नाकात झणका जाते, अन् मांगून जेष्ठमधाची गोडी येते. तिथले लोक लहानपणापासून खातेत, आइस्क्रीमातही टाकतेत. मले लय आवडली, अजूनही कोणी येणार असलं तं मांगवतो.

पण तुमच्या आईले बीपी आहे. जेष्ठमध जास्त खाल्लं तं बीपी वाढते. चवीपुरती एखादी ठीक, पाकीट हातात देऊ नका. बाबाइसाठी पाकिटावर लीवाते पाहून घ्या, काईत असते काईत नसते.

अन् लेइपायूस्तो नक्की चाखा. चपटं भाजलेलं चीज, वर तपकिरी डाग. पयले ते गाय व्यायल्यावरच्या चिकाचंच करत, आपण खर्वस करतो त्याच दुधाचं. दाताखाली चुईचुई आवाज येते. गरम करून वर लाक्काचा मुरंबा. लाक्का म्हणजे दलदलीत उगवणारं केशरी फळ.

उमरीचे मास्तर

ताई, भाऊ, मनापासून आभार. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. खर्वसाचं ऐकून बाबा उठून बसले. पण दूध फाडायला काय वापरतात, ते त्यांना चालेल का? आणि पोरांसाठी चॉकलेट आणावं का?

हिवरखेडची लेक

चीजसाठी रेनेट लागतं. काही कंपन्या वासराच्या जठरातलं वापरतात, काही सूक्ष्मजीवांपासून केलेलं. दुसरं असेल तर बाबांना हरकत नसावी. भावाने पाकीट किंवा कंपनीची साइट पाहून मगच घ्यावं. खात्री झाली नाही तर लाक्काचा मुरंबा भाकरीवर लावून द्या, तो तसाही उत्तम लागतो.

चॉकलेटमध्ये फाझरचं निळ्या वेष्टनातलं. कार्ल फाझरने १८९१ साली हेलसिंकीत कॅफे काढला, हे दुधाचं चॉकलेट १९२२ पासूनचं. ते तिथेच मनसोक्त खा. मेच्या शेवटी नागपूरला उतराल तेव्हा ४५ डिग्रीचं ऊन, पुढे दारव्ह्यापर्यंतचा रस्ता. पोरांच्या हातात पोचेपर्यंत त्याचा लगदा होईल.

पोरांसाठी झायलिटॉलच्या (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) गोळ्या आणा. वितळत नाहीत, वजनाला हलक्या आणि दात किडू देत नाहीत. तुर्कू विद्यापीठात १९७० च्या दशकात यावर मोठं संशोधन झालं, तेव्हापासून इथे जेवण झाल्यावर मुलांना या गोळ्या द्यायची पद्धत पडली. आमच्याकडची पोरं हात पुढे करून उभीच असतात. बाकीचं गोड पुष्कळ घरांत फक्त शनिवारी मिळतं, हेही तुमच्या पोरांना सांगा. प्रत्येकाला एक-दोनच द्या, जास्त झाल्या तर पोट ढिलं होतं. आणि शाळेच्या आवारात कुत्री फिरत असतील तर खाली सांडू देऊ नका. कुत्र्यांना झायलिटॉल विषासारखं बाधतं.