मदत हवी आहे: होड्यांचे पैसे वजनावर घ्यावेत का?

मंडळी, आमच्या खाडीवरच्या मच्छीमार सोसायटीचा हिशेब माझ्या गळ्यात आहे. १ जूनला मासेमारीबंदी लागली की होड्या क्रेनने वर घ्यायच्या, शाकारायच्या आणि क्रेनचं बिल सगळ्यांनी वाटून घ्यायचं. आजवर वर्गणी सरसकट होती. यंदा फायबरवाले उखडले. "आमची होडी चार पोरं ढकलतात, त्या लाकडी धुडाएवढे पैसे आम्ही का द्यायचे? वजनावर घ्या!"

लाकडी बोटवाले म्हणतात, लाकूड हंगामभर पाणी पितं, त्या पाण्याचे पैसे आम्ही भरणार नाही. आधी वाळू द्या, मग तोला. एकाने विचारलं, टाकीतलं डिझेल धरणार का? दुसरा म्हणाला, मी इंजिन उतरवूनच आणतो. तिसऱ्याने अध्यक्षांकडे बघत विचारलं, "तांडेलासकट की वगळून?" अध्यक्ष स्वतः तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, अंगाने भरदार. सभा तिथेच संपली.

कुणाकडे वजनावर घेतात का? मोजता कसं?

खाडीकाठ: मोठ्या बंदरात ज्या टनांवर शुल्क लागतं ते ग्रॉस टनेज, आणि ते वजन नव्हेच! जहाजातल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढतात. सूत्र १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं, लागू झालं १९८२ ला. त्याआधी १०० घनफूट म्हणजे एक टन धरायचे. जहाज रिकामं असो वा भरलेलं, आकडा तोच. डिझेलचा वाद मिटला.

उनाड_वारा: वजनाचा दाखला आहे की! १९२८ मध्ये रिचर्ड हॅलिबर्टन हा अमेरिकन साहसी लेखक पनामा कालवा पोहून गेला. कालव्याने त्याला जहाजच समजून वजनाप्रमाणे टोल लावला: ३६ सेंट. तुमच्या अध्यक्षांना परवडेल.

जुनी_डोल: लांबी-रुंदीवर घ्या, पण जपून. इंग्लंडात टन मोजायच्या जुन्या पद्धतीत जहाजाची खोली मोजतच नसत, रुंदीच्या निम्मी धरत. मग मालकांनी अरुंद आणि खोल जहाजं बांधली. माल जास्त, कर कमी, आणि समुद्रात डुगडुगणं फुकट.

क्रेनवाला_भाऊ: आमच्या काट्यावर वजन दिसतं, पण बिल आम्ही तासावर करतो. पट्टे बांधायला हलक्या होडीला आणि जड होडीला वेळ जवळपास सारखाच. उलट फायबरला जास्त जपावं लागतं, पट्टा आवळला की तडा जायची भीती.

धागाकर्ता: भाऊंचा प्रतिसाद सभेत वाचून दाखवला. फायबरवाल्यांनी मागणी मागे घेतली. आता क्रेन तासावर आणि वरची जागा लांबीवर, असं ठरतंय. पण दोघांच्या होडीला पुढे लांब नाक आहे, ते जमिनीला टेकत नाही म्हणून मोजू नका म्हणतात. नाक धरायचं की नाही?

जुनी_डोल: त्याखाली दुसरी होडी मावते का बघा. मावत नसेल तर धरा.