नावामागची गोष्ट खोटी निघाली, तरी ती सांगावी का?

शंकासूर
परवा जेवताना तोंडघशी पडलो. पुढ्यात पम्परनिकल होता, म्हणजे काळसर, आंबूस, विटेसारखा जड जर्मन ब्रेड. मी रुबाबात सांगून मोकळा झालो की नेपोलियनने तो हुंगला आणि 'हा माझ्या घोड्याला, निकोलला ठीक आहे' असं फ्रेंचमध्ये म्हणाला, त्यावरून हे नाव पडलं. हशा पिकला. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "पण शब्द नेपोलियनच्या आधीचा आहे ना?"

घरी येऊन पाहिलं. आहे! नेपोलियन १७६९चा, शब्द सतराव्या शतकातला. आधी ती गावंढळ माणसाला दिलेली शिवी होती, मग ब्रेडला चिकटली. 'पम्पर्न' म्हणजे पादणे आणि 'निकल' हे निकोलसचं छोटं रूप. ब्रेड पोटात जाऊन काय करतो हे नावातच आलं.

तेव्हापासून दिसेल ती गोष्ट तपासतोय. सरलॉइन घ्या. राजाने खूश होऊन मांसाच्या तुकड्याला 'सर' किताब दिला म्हणे. कुठला राजा? कुणी आठवा हेन्री म्हणतं, कुणी पहिला जेम्स, कुणी दुसरा चार्ल्स. प्रत्यक्षात जुन्या फ्रेंचमध्ये 'सुर' म्हणजे वरचा आणि 'लॉन्ज' म्हणजे कमरेचा भाग, संपलं. मार्मलेड म्हणे स्कॉटलंडची राणी मेरी आजारी होती म्हणून, 'मारी मालाद'. मेरी जन्मली १५४२ साली आणि शब्द इंग्रजीत त्याआधीच येऊन बसलेला. 'मार्मेलो' हे क्विन्स फळाचं पोर्तुगीज नाव, त्याचा मुरंबा तो मार्मेलाडा.

माझं मत स्पष्ट आहे. ताटापाशी बसून या लोणकढ्या थापा मारणं बंद व्हावं.

चटकमटक
साफ असहमत. आणि 'लोणकढी थाप' लिहिताना तुपाचा संबंध तपासलात का हो?

तुर्कस्तानात ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भरल्या वांग्याला 'इमाम बायिल्दी' म्हणतात, म्हणजे 'इमाम बेशुद्ध पडला'. कुणी म्हणतं चवीने पडला, कुणी म्हणतं बायकोने किती तेल ओतलं ते ऐकून पडला. खाणारा आपल्याला हवी ती गोष्ट उचलतो. तुम्ही इमामाचा पत्ता शोधत बसाल तोवर वांगं गार होईल.

शंकासूर
ते गारच खातात.

शब्दवेडी
धागाकर्त्यांच्या बाजूने आले होते, पण एक अडचण आहे. थापा फक्त गोष्टी सांगणारेच मारतात असं नाही, दुरुस्त्या करणारेही मारतात.

'वेल्श रॅबिट' म्हणजे भाजलेल्या ब्रेडवर ओतलेलं चीजचं सॉस. त्यात ससा औषधालाही नाही. इंग्रजांनी वेल्श लोकांना मारलेला तो टोमणा होता, की यांना ससाही परवडत नाही, चीजलाच ससा म्हणतात. हे नाव १७२५च्या सुमाराचं. पुढे शहाण्या मंडळींना वाटलं, ससा कसा असेल, मूळ शब्द काहीतरी वेगळा असणार आणि लोकांनी तो बिघडवला. १७८५च्या आसपास छापील मजकुरात 'रेअरबिट' उगवलं. असा शब्द त्याआधी नव्हताच! आज मेनूवर 'रेअरबिट' वाचून लोक तेच अस्सल समजतात. ही तुमच्यासारख्यांची कामगिरी.

चीनमध्ये 'फूची फेईप्येन' आहे, शब्दशः 'नवरा-बायकोच्या फुप्फुसाचे काप'. चंग्तूमधल्या एका जोडप्याने लोकप्रिय केलेला हा तिखट पदार्थ, गोमांस आणि वजडी यांचा. मूळ अक्षर 'टाकाऊ' अशा अर्थाचं होतं. ते कानाला बरं वाटेना म्हणून त्याच उच्चाराचं 'फुप्फुस' घेतलं, असं सांगतात. २००८च्या ऑलिम्पिकच्या वेळी बीजिंगमध्ये अशा नावांना सरकारी इंग्रजी पर्याय दिले. पाहुण्यांची सोय झाली, पण त्या यादीतून नवरा-बायको गेले.

चटकमटक
'झाडावर चढणाऱ्या मुंग्या'ही तिथल्याच. मी घरी करते. पारदर्शक शेवया चॉपस्टिकने उंच उचलल्या की खिम्याचे दाणे त्यांना चिकटून वर येतात, काही मध्येच लोंबतात, एखादा घसरतो. इथे कसला इतिहास तपासणार? डोळ्यांना दिसतंय!

तिरकस
लोकांनी गंमत म्हणून रचलेल्या गोष्टींवर एवढा राग आणि विक्रीसाठी रचलेली नावं मात्र मुकाट गिळायची?

पॅटागोनियन टूथफिश नावाचा खोल समुद्रातला मासा. दातवाला मासा कोण मागवणार? १९७७ साली एका अमेरिकी आयातदाराने त्याला 'चिलियन सी बास' करून टाकलं. तो 'बास' जातीचा मासा नाही आणि फक्त चिलीचाही नाही. १९९४मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने हे नाव बाजारात वापरायला मान्यताही दिली. 'चायनीज गूजबेरी'चं न्यूझीलंडच्या व्यापाऱ्यांनी १९५९ साली 'किवीफ्रूट' केलं, कारण माल अमेरिकेत खपवायचा होता. आता सगळ्यांना वाटतं फळ न्यूझीलंडचंच. नेपोलियनचा घोडा याच्यापुढे निरुपद्रवी आहे.

शंकासूर
मासा आणि किवी मान्य. रेअरबिटचा फटकाही लागला. पण म्हणून घोड्याला सूट का द्यायची? एक थाप दुसरीने धुतली जात नाही.

शब्दवेडी
आणि एखादी गोष्ट ऐकायला थापेसारखी असूनही खरी निघाली तर? १९४३ साली मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रासमध्ये सीमेपलीकडच्या काही अमेरिकी बायका हॉटेलात आल्या, आचारी जागेवर नव्हता. तिथल्या इग्नासिओ अनाया यांनी हाताला लागलं ते घेतलं: तळलेले टॉर्टियाचे तुकडे, चीज, वर हालापेन्यो मिरची. इग्नासिओचं घरगुती रूप 'नाचो'. म्हणून नाचोज. तुम्ही ही गोष्ट 'सरलॉइनसारखीच दिसते' म्हणून फेकून दिली असतीत.

शंकासूर
दिली असती. नाचोज ताटापाशी सांगेन, पम्परनिकल नाही.

चटकमटक
त्या बाईंनी नंतर ब्रेड खाल्ला का, ते राहिलंच.

शंकासूर
तीन तुकडे. निकलचं पुढे काय झालं ते विचारायची माझी छाती झाली नाही.