आईचं रिहॅब बेळगावात, मी इथं. काय करू?

प्रेषक: शहापूरची लेक, एडिसन (न्यू जर्सी, अमेरिका)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा मेल घुसवतेय, माफ करा. आई (वय ७८) शहापूरच्या घरी न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता बेळगावातच एका नर्सिंग सेंटरमध्ये आहे. भाऊ बेंगळुरूला, दोन दिवस राहून परत गेला. मी रोज फोन करते. तिकडचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, पेशंट स्टेबल आहे." आई म्हणते, "बरं आहे गं, तू उगाच काळजी करू नको."

तीन आठवडे झाले, कॉटवरून उठलेली नाही. फिजिओ म्हणतो, पेशंट को-ऑपरेट करत नाहीत. माझी आई! दर सोमवारी कपिलेश्वराला चालत जाणारी बाई. काल मी फोनवर ओरडले, मग रडले. तिकीट काढू का?

---

प्रेषक: खानापूरकर काका

बाळ, तिकीट काढच. पण विमानात बसायच्या आधी फोनवरून होण्यासारखं बरंच आहे, ते आजच कर.

आमच्या अक्कांचं सांगतो. वय ८१, खुबाच. दोन वर्षांपूर्वी मी तीन महिने तिकडं जाऊन राहिलो ते त्यांच्यासाठी. मी पोचलो तेव्हा अक्का निम्म्या झाल्या होत्या. सिस्टर म्हणाली, "आजींना भूकच नाही, वय झालं ना." मी दुपारी ताटाशी बसलो. ताटात ज्वारीची भाकरी, कडक, सकाळची. अक्कांनी तुकडा मोडला, तोंडात घोळवला आणि हळूच रुमालात काढून ठेवला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कवळी! ऑपरेशनच्या आधी काढून घेतलेली, भाच्यानं पिशवीतून घरी आणलेली, आणि फडताळात स्टीलच्या भांड्यात पाण्यात पडलेली. पाणी कधीच आटलं होतं. सतरा दिवस हे माणूस दातांशिवाय भाकरी खात होतं आणि चार्टवर रोज लिहिलेलं, जेवण झालं.

ते का लिहिलं, तेही ऐक. संध्याकाळची सिस्टर गदगकडची, पोरगी गुणाची. दारातून विचारायची, "ऊट आयतेन्री अज्जी?" अक्कांचं कानडी बाजारापुरतं. त्या म्हणायच्या, "आयतु, आयतु." झालं जेवण. खोटं कुणीच बोललं नाही. ती विचारते ते रीतीनं, या सांगतात ते रीतीनं. आपल्या बायका दुसऱ्याच्या घरी "अजून वाढू?" म्हटल्यावर कधी हो म्हणतात का? तिथं त्या पाहुण्या असतात बघ. म्हणून आईचं "बरं आहे गं" हिशेबात धरू नको. "दुखतंय का" असं विचारू नको, "आज काय खाल्लंस, कॉटवरून किती वेळा उतरलीस, संडासला कोण घेऊन गेलं" असं विचार. तिथं थाप चालत नाही.

आता फाइल. शेजारच्या कुणाला तरी पाठव आणि पहिल्या पानाचा फोटो मागव. पडायच्या आधी पेशंट कसा होता, असं तिथं लिहिलेलं असतं. ती ओळ वाच. फिजिओ तिच्यावरूनच ठरवतो की हिला कुठवर न्यायचं. दुसरं, ऑपरेशन केलेल्या सर्जनच्या डिस्चार्ज कार्डावर पायावर वजन टाकायची परवानगी लिहिली आहे का, ते बघ. खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच उभं करायला बघतात. कार्ड एका पिशवीत आणि पेशंट दुसऱ्या इमारतीत असं झालं की नवीन जागेचा फिजिओ घाबरून कॉटवरच पाय हलवून घेतो. तीन आठवडे!

रोज दुपारी बारा ते दोन बसणारं एक माणूस बघ. नातेवाईकच पाहिजे असं नाही, पैसे देऊन ठेव. मी अक्कांच्या गल्लीतली एक मावशी ठेवली, मराठी-कानडी दोन्ही फर्मास. तिच्याकडं शंभर पानी वही: किती खाल्लं, किती पाणी, किती पावलं, पाठीवर लाल डाग आहे का. वही उशाशी राहिली की स्टाफही नीट वागतो, सांगतो तुला.

आणि ओरडू नको. तू फोन ठेवलास की आई त्यांच्याच हातात असते. आठवड्यातून एकदा डॉक्टर, फिजिओ आणि तू, पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल माग. त्यांचा सकाळी दहाचा राउंड म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा, जाग. अगदीच दाद दिली नाही तर कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी २००७ चा कायदा आहे, जिल्हा पातळीवर तक्रार होते. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. मला दोन्हीची गरज पडली नाही. रेकॉर्डची प्रत मात्र लेखी मागितली होती. २००२ च्या डॉक्टरांच्या नियमावलीप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागते, हे मी अगदी गोड आवाजात सांगितलं.

---

प्रेषक: निपाणीची सून (नर्स, २२ वर्षं)

काकांना दुजोरा. माझ्याकडून थोडंसंच. दुखण्याची गोळी फिजिओच्या अर्धा-पाऊण तास आधी मिळते का, विचार. ठणकणारा पाय घेऊन कुणीच को-ऑपरेट करत नाही. लघवीची नळी अजून असेल तर का आहे, ते विचार. संध्याकाळी आई असंबद्ध बोलायला लागली तर "म्हातारपण" म्हणून सोडू नकोस. इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, काहीही असू शकतं, डॉक्टरला त्याच दिवशी कळव. चष्मा जवळ आहे ना?

जाता जाता, ज्यांचे सासू-सासरे इकडे आहेत त्यांच्यासाठी: इथल्या नर्सिंग होमला ४८ तासांत सुरुवातीचा केअर प्लॅन करावाच लागतो आणि घरच्यांना मीटिंगला बसता येतं. प्रत्येक राज्यात ऑम्बुड्समन (पेशंटच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) असतो, त्याला फोन करायला पैसे पडत नाहीत. तरी आपली माणसं मीटिंगला जात नाहीत, हे मी रोज बघते.

---

प्रेषक: शहापूरची लेक

काका, शेजारच्या काकूंनी फोटो पाठवला. पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिलंय: "पूर्वीपासून अंथरुणाला खिळलेल्या." माझी आई! भरतीच्या वेळी भावानं सांगितलं होतं, "पडल्यापासून अंथरुणातच आहे." त्यातलं "पडल्यापासून" गळलं.

मी ओरडले नाही. पाडव्याचा व्हिडिओ पाठवला, आई स्टुलावर चढून दाराला तोरण बांधतेय तो. फिजिओनं दोनदा बघितला म्हणे. सर्जनचं कार्डही पाठवलं, त्यावर वजन टाकायला परवानगी होतीच. परवा वॉकर धरून दारापर्यंत गेली. नळीही काढली. आज फोनवर पहिल्यांदा कुरकुरली, आमटी पाणचट असते आणि तो पोरगा फार दमवतो म्हणाली. इतकं बरं वाटलं.

रविवारी निघतेय. मुंबईहून रात्रीच्या बसनं बेळगाव. कुणाला काही पाठवायचं असेल तर शनिवारी दुपारपर्यंत आणून द्या, एक किलोच्या वर नको. येताना कुंदा आणायच्या ऑर्डरी आत्ताच घेत नाही.