लेक्सस ईएस ३०० एच साठी शांत आणि आरामदायी टायर कोणते घ्यावेत?

बाणेरकर_७२
नमस्कार. माझ्याकडे २०१९ ची लेक्सस ईएस ३०० एच ही हायब्रीड गाडी आहे. टायरचा आकार २३५/४५ आर १८ (रुंदी २३५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १८ इंची) असून कारखान्यातून आलेलाच संच आजवर चालू आहे. ४१,००० किलोमीटर झाले आहेत. गाडी घेतली तेव्हा सोसायटीच्या आवारात ती विजेवर चालू लागली की शेजारच्याला कळतही नसे. आता मात्र मागच्या बाजूने घुमल्यासारखा आवाज येतो, आणि द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर ८० च्या पुढे तो इतका वाढतो की मागे बसलेल्या आईशी आवाज चढवून बोलावे लागते. आईला कंबरेचा त्रास आहे, त्यामुळे बाणेर-पाषाण भागातल्या खड्ड्यांचे धक्केही कमी व्हावेत अशी इच्छा आहे. वळणावरची पकड, वेग वगैरे गोष्टींना माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. चार टायरसाठी ६०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कृपया स्वतः वापरलेले टायर सुचवावेत.

सह्यकडा
मिशेलिन प्रायमसी ४ एसटी घ्या, दुसरा विचारच करू नका. माझ्या स्कोडा सुपर्बला हेच टायर आहेत आणि ताशी १०० वेगातही गाडीत कुजबुजत बोलता येते. बजेट थोडे वाढवावे लागेल, पण एवढी महागडी गाडी घेतल्यावर टायरमध्ये काटकसर करणे मला पटत नाही.

चाकोरी
मिशेलिन चांगले आहेतच, परंतु शांतता हाच निकष असेल तर योकोहामाचे ॲडव्हान डीबी व्ही ५५२ अवश्य पाहावेत. ते टायर मुळात आवाज कमी ठेवण्याच्या उद्देशानेच बनवलेले आहेत. माझ्या टोयोटा कॅमरीला बसवल्यापासून घरचे सगळे लांबच्या प्रवासात निवांत झोपतात.

मिलपिटासहून_अ
माझी ईएस इथे कॅलिफोर्नियात आहे. मी ब्रिजस्टोनचे टुरान्झा क्वाएटट्रॅक घेतले. ८०,००० मैलांची हमी आहे आणि फ्रीवेच्या काँक्रीटवरही गाडी अत्यंत शांत असते. काँटिनेंटलचे प्युअरकॉन्टॅक्ट एलएस हासुद्धा उत्तम पर्याय आहे. भारतातही हेच घ्यावेत.

रबर_आणि_रस्ता
माझे टायरचे दुकान आहे, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वरच्या प्रतिसादातले दोन्ही टायर अमेरिकी बाजारासाठी आहेत आणि आपल्याकडे विक्रेत्यांकडे मिळत नाहीत. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली, शिवाय बीआयएस या भारतीय मानक संस्थेचे चिन्हही बंधनकारक आहे. त्यामुळे परदेशातील परीक्षणे वाचून इथे खरेदीची यादी करता येत नाही. मोठ्या आकारांच्या बाबतीत तर एखादे मॉडेल काही महिने मिळते आणि मग गायब होते, अशा वेळी दुकानात पडून राहिलेला जुना माल ग्राहकाच्या गळ्यात मारला जाण्याची शक्यता असते. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात. त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. हे अंक स्वतः पाहिल्याशिवाय टायर रिमवर चढवू देऊ नका.

धागाकर्त्यांना एक विनंती. मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे असा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत लागले आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड हाताला अडकली, तर टायर करवतीच्या दात्यांसारखा झिजलेला आहे. पुढचे-मागचे टायर वेळच्या वेळी अदलाबदल केले नाहीत की पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मागच्या टायरला हमखास असे होते, आणि तुम्ही वर्णन केलेला घुमणारा आवाज बहुधा तिथूनच येत असावा.

सह्यकडा
तरीही शेवटी टायर बदलावेच लागणार आहेत, म्हणून प्रायमसी ४ एसटी.

घाटमाथा
टायर बदलण्याआधी चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या आधीच्या गाडीत असाच आवाज होता. दुकानदाराने चार नवे टायर विकले, आवाज तसाच राहिला, आणि मग वर्कशॉपमध्ये मागच्या डाव्या बाजूचे बेअरिंग गेलेले निघाले. दुकानाचे नाव इथे घेत नाही, पण त्यांनी गाडी साधी जॅकवर उचलून चाक फिरवूनसुद्धा पाहिले नव्हते. ओळखण्याची रीत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर सौम्यपणे डावीकडे-उजवीकडे वळवत गाडीचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्यावा. भार बदलताच आवाज वाढत किंवा विरत असेल तर बेअरिंगचा संशय घ्यावा, आणि रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाज बदलत असेल तर टायरचा.

दर्याकिनारी
मी म्हापशात राहतो आणि पावसाळ्यात चोर्ला घाटातून नियमित ये-जा असते. इथे सगळे केवळ आवाजावर बोलत आहेत, याचे आश्चर्य वाटते. ओल्या रस्त्यावर गाडी थांबली नाही तर त्या शांततेचा उपयोग काय? मी मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४ वापरतो. थोडा आवाज असेल, पण पाण्यातून जाताना स्टिअरिंग हातातून निसटल्यासारखे कधी वाटत नाही.

चाकोरी
दर्याकिनारी, धागाकर्त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे की वळणावरची पकड हा त्यांचा निकष नाही.

दर्याकिनारी
ओल्या रस्त्यावरचा ब्रेक म्हणजे वळणावरची पकड नव्हे. तो प्रत्येकाचा निकष असलाच पाहिजे. गाडीत आई बसते आहे.

आकडेमोड
दोघांचेही म्हणणे रास्त आहे, पण युरोपातल्या लेबलवर ज्यांचा भर असतो त्यांच्यासाठी एक खुलासा आवश्यक वाटतो. त्या लेबलवर छापलेले डेसिबल हे गाडी ताशी ८० च्या आसपास इंजिन बंद ठेवून जात असताना रस्त्याच्या कडेला मोजलेल्या आवाजाचे असतात. म्हणजे तो आवाज पादचाऱ्याला ऐकू येणारा आहे, मागच्या आसनावरच्या आईंना नव्हे. आत येणाऱ्या आवाजाचा एक वाटा टायरच्या पोकळीत कोंडलेल्या हवेच्या कंपनाचा असतो, साधारण २०० हर्ट्झच्या आसपासचा, आणि तो रिममधून, सस्पेन्शनमधून गाडीच्या सांगाड्यात शिरतो. काही कंपन्या यासाठी टायरच्या आत फोमचा पट्टा चिकटवतात. ईएसच्या बाबतीत लेक्ससने वेगळा मार्ग घेतला आहे, तिच्या मूळ १८ इंची अलॉय रिममध्येच हे कंपन शोषणारी पोकळी ठेवलेली आहे. म्हणून निदान या गाडीचे मूळ रिम काढून दुसरे लावण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

हायब्रीडबाबत आणखी एक. इंजिन बंद असताना आवाज झाकायला काहीच नसते, त्यामुळे जे टायर साध्या पेट्रोल गाडीत शांत वाटतात तेच इथे बोलके वाटू शकतात. सुपर्बचा अनुभव जसाच्या तसा लागू करू नये.

पाचगणी_उतार
कोणीच १७ इंचाचा विचार का करत नाही? अमेरिकेत ईएस २१५/५५ आर १७ वर सुद्धा विकली गेली आहे. गणित करून पाहा. २३५/४५ आर १८ चा बाहेरचा व्यास सुमारे ६६९ मिलिमीटर, २१५/५५ आर १७ चा ६६८. स्पीडोमीटरमध्ये नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. भार निर्देशांक दोन्हीकडे ९४, म्हणजे टायरमागे ६७० किलो. मात्र साइडवॉलची, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीची, उंची १०६ वरून ११८ मिलिमीटर होते. खड्ड्याच्या कडेवर आदळताना रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही असते ते एवढेच असते. हा आकार सुपर्बला आणि एमजी झेडएस ईव्हीलाही येत असल्याने कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतो, आणि १८ पेक्षा स्वस्तही पडतो.

सह्यकडा
एवढ्या देखण्या गाडीला लहान रिम लावणे मला अजिबात मान्य नाही.

चाकोरी
सहमत. शिवाय अरुंद टायर म्हणजे कमी पकड.

कागदपत्र
मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे. परदेशातल्या व्हेरियंटला तो आकार येत असला तरी आपल्या नोंदणीच्या व्हेरियंटला येत नाही. उद्या अपघात झाल्यास विमा कंपनी बोट दाखवू शकते. माझ्या एका दाव्यात साध्या बाहेरून लावलेल्या दिव्यावरून महिनोन्महिने पत्रव्यवहार झाला. मूळ आकार सोडू नका.

नायट्रो_नाशिक
टायर कोणतेही घ्या, पण हवा नायट्रोजनची भरा. आवाजात आणि धक्क्यात जाणवण्याइतका फरक पडतो. समृद्धीवर जाणाऱ्यांनी तर भरावीच.

आकडेमोड
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा नायट्रोजन भरला तर दाब थोडा अधिक काळ टिकतो एवढे खरे, पण त्याने आवाज कमी होत नाही. समृद्धीसारख्या लांब काँक्रीटच्या रस्त्यावर महत्त्वाचे काय, तर टायर थंड असताना दाब मोजणे आणि तो चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे ठेवणे. बरेच पंपवाले न विचारता चार-पाच पीएसआय जास्त भरतात, आणि मग ४५ सिरीजचा टायर दगडासारखा लागतो.

नायट्रो_नाशिक
मला फरक जाणवला आहे आणि माझ्यासाठी तेच पुरेसे आहे.

रबर_आणि_रस्ता
दाबाच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. अनेक ग्राहक टायर बदलायला येतात आणि दाब स्टिकरप्रमाणे केल्यावर निम्मी तक्रार मिटते.

बाणेरकर_७२
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल वर्कशॉपमध्ये गाडी उचलून चारही बेअरिंग तपासले, ते ठीक आहेत. तळहात फिरवून पाहिला आणि मागच्या दोन्ही टायरच्या आतल्या ओळीत उलट दिशेने प्रत्येक ठोकळा स्पष्टपणे हाताला अडकला. दाबही स्टिकरपेक्षा बराच जास्त होता. त्यामुळे आवाजाचे मूळ टायरच्या झिजेत आहे याबद्दल आता शंका उरलेली नाही.

याचा मी लावलेला अर्थ असा, की चांगल्या प्रतीचा कोणताही नवा टायर हा आवाज घालवील. मग निवड आवाजावर कशाला करायची? माझा उरलेला प्रश्न धक्क्यांचा आहे, आणि त्याला साइडवॉलच्या उंचीइतके थेट उत्तर दुसरे कोणी दिले नाही. म्हणून बहुतेकांच्या मताविरुद्ध जाऊन २१५/५५ आर १७ घेण्याचे ठरवले आहे. मूळ रिममधील पोकळीचा फायदा जाईल, हे आकडेमोड यांच्यामुळे कळले, आणि ते समजूनच हा निर्णय आहे. मूळ रिम विकणार नाही, गुंडाळून ठेवीन. विमा कंपनीला आकारासह लेखी विचारणा केली असून त्यांचे लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे देणार नाही. टायर प्रायमसी ४ एसटी, म्हणजे सह्यकडा यांचे निम्मे ऐकले. टायर ६०,००० च्या आत बसतात, रिमचा खर्च वेगळा.

सह्यकडा
टायरची निवड योग्य आहे. रिमबाबत माझे मत कायम आहे.

कागदपत्र
उत्तर ईमेलवर घ्यावे, फोनवरचे आश्वासन ग्राह्य धरू नये.

रबर_आणि_रस्ता
रिम घेताना बोल्टची मांडणी ५ × ११४.३ आणि मधले भोक ६०.१ मिलिमीटर असल्याची खात्री करा. भोक मोठे असेल तर त्या मापाची रिंग लागते, नाहीतर ९०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरते आणि लोक विनाकारण बॅलन्सिंग करत बसतात. ऑफसेट, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम जिथे टेकतो ती जागा यांतले अंतर, मूळ रिमशी जुळता हवा. टायर चढवण्याआधी नुसता रिम पुढच्या चाकाच्या जागी बसवून हाताने फिरवून पाहा, ब्रेकच्या कॅलिपरला कुठेही घासता कामा नये. दाब दाखवणारे सेन्सर जुन्या रिममधून काढून नव्यात बसवावे लागतील, ते काढताना टायरमशीनचा ओठ त्यांच्यावर येणार नाही याकडे लक्ष ठेवा. अलाइनमेंट झाल्यावर छापील कागद मागून घ्या आणि त्यात मागच्या चाकांचे आकडेही आहेत ना ते तपासा, कारण मागचा टो (चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला राहिला तर नवे टायरही पुन्हा तसेच झिजतील.